ॲडमिरलच्या पोटातला 'द'

प्रश्न असा आहे: इंग्रजी वाक्यात नौदलाचा हुद्दा लिहिताना पहिलं अक्षर मोठं कधी करायचं, 'द' कधी लावायचा, आणि एकदा 'व्हाइस ॲडमिरल' लिहून झाल्यावर पुढे नुसतं 'ॲडमिरल' म्हटलं तर त्या माणसाला फुकटची बढती दिल्यासारखं होतं का?

बढती होत नाही. पहिल्या उल्लेखाला पूर्ण हुद्दा आणि पूर्ण नाव द्यावं, पुढे खुशाल 'द ॲडमिरल' म्हणावं. व्हाइस असो की रिअर, समोरासमोर बोलतानाही नुसतं 'ॲडमिरल'च म्हणतात. अमेरिकी रिवाजात लेफ्टनंट कमांडरलाही बोलताना 'कमांडर' म्हणतात. कागदावर पहिल्यांदा लिहिताना मात्र यातला एकही शब्द गाळायचा नाही.

मोठ्या अक्षराचं कोडं चुटकीसरशी सुटतं. नावाला चिकटून आधी आलेला हुद्दा हा नावाचाच भाग, म्हणून अक्षर मोठं: 'ॲडमिरल नेल्सन' (ब्रिटिश आरमाराचा गाजलेला सेनानी). नाव नसेल तर तो साधा नामशब्द, म्हणून अक्षर लहान: 'द ॲडमिरल वेन्ट अशोअर'. नावानंतर स्वल्पविराम देऊन आला तरी लहानच: 'नेल्सन, अ व्हाइस ॲडमिरल ॲट द टाइम'. थेट हाक मारताना पुन्हा मोठं: 'येस, ॲडमिरल'. काही नौदलं स्वतःच्या पत्रव्यवहारात सगळीकडे मोठंच अक्षर ठेवतात. तो त्यांचा घरचा मामला, आपण तो उचलायचं कारण नाही.

आता 'द'. 'द ॲडमिरल नेल्सन सेड' हे वाक्य वाचून वाचून डोळे शिणले. मराठीत उपपद नाही, त्यामुळे भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसे आपण 'द' भुरभुरतो. नाव सोबत असेल तर 'द' नको, नाव नसेल तर हवा. एवढाच नियम. आणि या शब्दाच्या बाबतीत ही चूक अधिकच गमतीची, कारण ॲडमिरलच्या पोटात एक 'द' आधीपासूनच बसलेला आहे!

मूळ शब्द अरबी 'अमीर', म्हणजे हुकूम देणारा, सरदार. त्यापुढचा 'अल' म्हणजे अरबीतलं 'द'. 'अमीर-अल-अमुक' म्हणजे अमुक गोष्टीचा सरदार. युरोपीय कानांनी 'अमीर-अल' इतकंच पकडलं आणि 'अमुक' सोडून दिलं. थोडक्यात, ॲडमिरल म्हणजे 'अमक्याचा सरदार', आणि त्यातला अमका गायब. मधला 'ड' तर निव्वळ कारकुनी आगाऊपणा आहे. 'वाखाणणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी नातं असावं असं समजून तो घुसवला गेला. फ्रेंच 'अमिराल'मध्ये तो आजही नाही. म्हणून 'ॲडमिरल म्हणजे ॲडमायर करण्याजोगा' असं जे शिकवतात त्यांनी कृपया थांबावं.

गायब झालेला शब्द 'बह्र', म्हणजे समुद्र, होता असं सरसकट छापलं जातं. (गझलवाल्यांची 'बहर', म्हणजे वृत्त, हाच शब्द. फुलांचा बहर मात्र फारसी, त्याचा इथे संबंध नाही.) 'अमीर-अल-बह्र' ऐकायला झकास आहे, पण इटलीच्या दक्षिणेच्या सिसिली बेटाकडे बघा. बाराव्या शतकात तिथल्या नॉर्मन राजा दुसऱ्या रॉजरचा अधिकारी, अँटिओकचा जॉर्ज, 'अम्मिरातुस अम्मिरातोरुम' म्हणवत असे, म्हणजे अमिरांचा अमीर. तो आरमार चालवी आणि राज्यकारभारही. पदवीत समुद्राचा थेंबही नाही. समुद्र हुद्द्याला मागाहून चिकटला.

काही कोशकार याच जॉर्जच्या पदवीकडे बोट दाखवून म्हणतात की तिच्यात 'अल' कुठे आहे, शेवटचं '-अल' हे साधं लॅटिन शेपूट आहे. मुद्दा वजनदार आहे, तरी मला तो पटत नाही. स्पॅनिशने हाच शब्द 'आल्मिरान्ते' केला, म्हणजे 'अल' चक्क दारात आणून बसवला. त्यावरही ते म्हणतील की स्पॅनिशमध्ये 'अल'ने सुरू होणारे अरबी शब्द ढिगाने आहेत, त्यांच्या वळणावर हा गेला. म्हणोत बापडे.

मला यापेक्षा मोठी गंमत वाटते ती ही की समुद्राने स्वतःचे वरिष्ठ हुद्दे जवळपास घडवलेच नाहीत, सगळे जमिनीवरून उसने आणले. कॅप्टन म्हणजे लॅटिनमधलं 'डोकं', म्हणजे म्होरक्या. लेफ्टनंट म्हणजे फ्रेंचमध्ये 'जागा धरणारा'. आपल्याकडे तर कळसच. कान्होजी आंग्र्यांची पदवी 'सरखेल'. 'सर' म्हणजे प्रमुख आणि 'खैल' म्हणजे घोडे, घोडदळ! दर्यावर हुकमत कुणाची, तर घोडदळाच्या म्होरक्याची. 'दर्यासारंग'मधला सारंग हरीण नव्हे, मोर नव्हे, रागही नव्हे. तो फारसी 'सरहंग', म्हणजे सेनानायक. इराणच्या लष्करात आजही कर्नलला सरहंगच म्हणतात. फरक इतकाच की आपण 'दर्या' शाबूत ठेवला, युरोपने 'बह्र' हरवला किंवा कधी घेतलाच नाही. खास पाण्यात जन्मलेली इंग्रजी नावं शोधायची तर खालच्या फळीत जावं लागतं: बोसन (boatswain, डेकवरच्या खलाशांचा मुकादम), कॉक्सन (coxswain, होडीचा सुकाणूवाला). पहिल्यात 'बोट' म्हणजे नाव उघड दिसते, दुसऱ्यातला 'कॉक' म्हणजेही छोटी होडीच.

प्रश्नातलं उरलेलं आता उरकतो. 'रिअर' म्हणजे मागासलेला नव्हे. ताफ्याचे तीन भाग असत. मध्यभागी ॲडमिरल, बिनीवर व्हाइस ॲडमिरल आणि पिछाडीला रिअर ॲडमिरल. ट्रफाल्गरच्या सागरी लढाईत, १८०५ मध्ये, नेल्सन व्हाइस ॲडमिरलच होता. ब्रिटिश लिखाणात दोन शब्दांमध्ये जोडरेघ सापडते, अमेरिकी नौदल ती देत नाही. एका मजकुरात एकच पद्धत ठेवा.

जास्त घोळ कॅप्टनचा होतो. नौदलाचा कॅप्टन भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा, तर भूदलाचा कॅप्टन नौदलाच्या लेफ्टनंटच्या. म्हणून ब्रिटिश लोक नौदलातल्या माणसाच्या नावानंतर स्वल्पविराम देऊन 'आर एन', म्हणजे रॉयल नेव्ही, लिहितात. शिवाय जहाज ज्याच्या ताब्यात तो त्या जहाजाचा कॅप्टन, मग हुद्दा कमांडर असला तरी. 'द शिप्स कॅप्टन, कमांडर अमुक' हे वाक्य बरोबर आहे, त्यातलं काही खोडू नका.

निवृत्तासाठी 'रिटायर्ड' नावानंतर लिहायचं, हुद्दा आणि नाव यांच्या मध्ये नाही. निवृत्त माणूस होतो, हुद्दा नव्हे. नाइट असेल तर आधी हुद्दा, मग 'सर': 'ॲडमिरल सर अमुक'. 'सर ॲडमिरल' असं काही नसतं.

अनेकवचनात 'एस' शेवटच्या शब्दाला लागतो: रिअर ॲडमिरल्स, लेफ्टनंट कमांडर्स. 'कोर्ट मार्शल'चं (लष्करी न्यायालयाचं) अनेकवचन 'कोर्ट्स मार्शल' पाहून कुणी 'रिअर्स ॲडमिरल' करायला जातं, ते चूक. तिथे कोर्ट हे नाम आहे, इथे नाम ॲडमिरल आहे. अरबीत अमीरचं अनेकवचन 'उमरा', आणि ते आपण कधीच घरात घेतलंय: अमीर-उमराव. म्हणजे एकाच जोडशब्दात एकवचनही आणि अनेकवचनही.