ब्रेक डान्सचा बार सुटून मुलगी जखमी : तिकिटामागची ओळ आड येते का?

पंचवटीतल्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. नवरात्रात, सहाव्या माळेच्या रात्री, त्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आनंदमेळ्यातल्या ‘ब्रेक डान्स’मध्ये बसल्या. तिकीट प्रत्येकी ८० रुपये. पाळणा वेगात असताना मांडीवरचा बार सुटला आणि मुलगी खालच्या पत्र्यावर आदळली. हासळीचं हाड मोडलं, पुढचे दोन दात तुटले. आतापर्यंत १ लाख ४० हजार खर्च झाला. पोलिसांनी फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली. पाळणेवाला तिकिटामागची ‘स्वतःच्या जबाबदारीवर बसावे’ ही ओळ दाखवतो आणि २० हजार घेऊन स्टॅम्पपेपरवर सही करा म्हणतो. मेळा चार दिवसांत उठणार आहे.

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. मेळा उठला की सांगाडा ट्रकवर चढतो, नादुरुस्त बार बदलला जातो आणि पुढच्या गावात पाळणा नव्या रंगात उभा राहतो. नोटीस आणि ग्राहक आयोग यांना वेळ आहे. पंचनाम्याला नाही. त्यामुळे आज पोलीस ठाणं.

एनसी घेणं चूक आहे. हाड किंवा दात मोडणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे ‘जबर दुखापत’ आहे. निष्काळजीपणाने अशी दुखापत झाली तर कलम १२५ (ब), शिक्षा तीन वर्षांपर्यंत. यंत्राबाबतच्या निष्काळजीपणाला वेगळं कलम २८९ आहे. दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणून एनसी नव्हे, एफआयआर हवा. लेखी अर्ज दोन प्रतींत न्या, एका प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. अर्जात ही दोन कलमं लिहा आणि तीन गोष्टी मागा: तुम्ही बसलात त्या कारचा (बसायच्या डब्याचा) बार, लॉक आणि स्प्रिंग जप्त करावेत, पाळण्याचा पंचनामा फोटोसह करावा, मैदानातल्या सीसीटीव्हीचं त्या रात्रीचं चित्रण ताब्यात घ्यावं. ठाण्यात टाळाटाळ झाली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज स्पीड पोस्टाने वरिष्ठांकडे, म्हणजे शहरात पोलीस आयुक्तालयात पाठवा. त्यानंतरही हालचाल नसेल तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे, कलम १७५(३). एफआयआरची प्रत फुकट मिळते.

एक शब्द जपून वापरा. ‘पाळण्यातून पडली’ असं कुठंही लिहू नका. ‘पडली’ म्हटलं की ती उभी राहिली असेल, हात सोडला असेल, असा बचाव आपोआप तयार होतो. ‘बार सुटला आणि ती फेकली गेली’ असं लिहा. हॉस्पिटलच्या केसपेपरवर काय लिहिलंय तेही आजच पाहा. तिथं नुसतं ‘पडून मार’ असेल तर डॉक्टरांना लेखी विनंती करून सविस्तर हकिगत नोंदवून घ्या. समोरचा वकील पहिल्यांदा तोच कागद उचलतो.

बार का सुटतो हे तुम्हाला नीट सांगता आलं पाहिजे, कारण निष्काळजीपणा तिथंच दिसतो. ब्रेक डान्समध्ये मोठी चकती एका दिशेला फिरते, तिच्यावरचे क्रॉस (कार बसवलेले फुलीच्या आकाराचे सांगाडे) उलट्या दिशेला, आणि कार आपल्या खुंटीवर मोकळी गिरक्या घेते. त्यामुळे बाहेर फेकणारा जोर सतत दिशा बदलतो आणि लॉकच्या खिळीला दर फेरीत उलटसुलट हिसके बसतात. खिळीची धार झिजली किंवा स्प्रिंग ढिली पडली की बार वरवर बसलेला दिसतो, पण धरलेला नसतो. म्हणून बार खाली केल्यावर तो हाताने वर ओढून पाहायचा असतो, दर फेरीला, प्रत्येक कारचा. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: मिनिटाला १० फेऱ्यांऐवजी १२ केल्या की तो १.४४ पट होतो. गर्दीच्या रात्री पोरं ओरडायला लागली की पॅनलवरचा हात कुठं जातो ते सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या बाबतीत जास्त कामाची. मोठं माणूस आणि मूल एकाच बारखाली बसवलं तर बार मोठ्याच्या मांडीवर टेकून थांबतो, आणि मुलाच्या मांडीवर बरीच पोकळी राहते. मग बार शाबूत असला तरी मूल निसटू शकतं. त्यामुळे ‘लॉक ठीकच होतं’ हा बचाव पाळणेवाल्याला वाचवत नाही. उलट त्याला विचारा: उंचीची पट्टी होती का? जादा पट्टा किंवा साखळी होती का? नसेल तर तिथला फोटो आज काढा. हे सगळं जबाबात यायला हवं.

तिकिटामागची ओळ फार मनावर घेऊ नका. तुम्ही सही केलेली नाही, रांगेत कोणी वाचून दाखवलेली नाही, आणि झुल्याच्या अंगभूत धक्क्याची जोखीम पत्करणं म्हणजे नादुरुस्त लॉकची जोखीम पत्करणं नव्हे. ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पार्किंगच्या टॅगवर छापलेल्या ‘मालकाच्या जबाबदारीवर’ या अटीबद्दल हेच म्हटलं: अशी अट छापून स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. तिकिटाचा तुकडा मात्र जपा. तोच तुम्ही ग्राहक असल्याचा पुरावा. त्या रात्रीचा व्हिडिओ कोणी काढला असेल तर मूळ फाइल असलेला फोन फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्या फाइलसाठी लागेल, आणि व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली प्रत मूळ फाइल राहत नाही.

आता कागद. मेळ्याच्या परवानगीची फाइल पोलिसांकडे असते. माहिती अधिकारात जोडपत्र ‘अ’ भरा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, मजकूर १५० शब्दांत बसवा. मागणी नेमकी: परवानगीपत्र, आयोजकाचं हमीपत्र, पाळण्यांच्या यांत्रिक तपासणीचं प्रमाणपत्र, विद्युत निरीक्षकांचा दाखला, विम्याची पॉलिसी. ‘तपास चालू आहे’ असं उत्तर आलं तर लक्षात ठेवा, तपासाची फाइल वेगळी आणि परवानगीची वेगळी. ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील, त्याला २० रुपये. याच कागदांतून पाळण्याच्या खऱ्या मालकाचं नाव आणि पत्ता मिळतो. पत्ता चुकला तर आयोगाच्या नोटिसा महिनोन्महिने परत येत राहतात.

तक्रार नाशिक जिल्हा ग्राहक आयोगातच करा. पाळणेवाला परराज्यातला असला तरी तुम्ही राहता तिथं तक्रार चालते. तिकिटाची रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य, भरपाई कितीही मागा. मुदत घटनेपासून दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. विरुद्ध पक्ष तीन: पाळण्याचा मालक, मेळ्याचा आयोजक, विमा कंपनी. पैसे तुम्ही दिले, इजा मुलीला झाली, तरी दोघीही ग्राहक ठरता. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल प्रकरणात १९९८ सालीच हे ठरलं आहे. समोरच्यांना उत्तराला ३० दिवस आणि फार तर १५ दिवस वाढीव मिळतात.

महापालिका किंवा पोलिसांना भरपाईसाठी ओढू नका. दिल्लीतल्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीच्या निकालात, २०११ मध्ये, परवाना देणाऱ्या यंत्रणेला भरपाईतून वगळलं गेलं होतं. इथं ओढलंत तर वर्ष-दोन वर्षं त्यांच्या हरकतींतच जातील.

रक्कम मागताना दातांचा हिशेब विसरू नका. नऊ वर्षांच्या मुलीचे पुढचे दात कायमचे असतात, आणि इम्प्लांट जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच बसवतात. तोवरची तात्पुरती व्यवस्था आणि नंतरचा खर्च यांचं अंदाजपत्रक दंतवैद्याकडून लेटरहेडवर घ्या. २० हजारांत यातलं काहीच बसत नाही. शिवाय दाव्यात अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते, दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ३२, नियम ७. बाहेर ‘पूर्ण आणि अंतिम’ लिहून दिलेला कागद उद्या तुमच्याच विरोधात पुढे येईल. पैसे देऊच म्हणाला तर ‘उपचारांसाठी हंगामी, हक्क राखून’ अशी पावती द्या, आणि रक्कम खात्यातच घ्या.

वकिलाची फी अडचणीची असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पण तिथं जायच्या आधी पोलीस ठाण्याची पोच हातात असू द्या.