'अविश्वास पदरी घ्या' : घ्यायचा की टाकायचा?

शहाद्याच्या एका ताईंचा प्रश्न : "उपवास-प्रार्थनेत पाळक (चर्चचे धर्मगुरू) म्हणाले, 'आपला अविश्वास पदरी घ्या.' पदरी घेणं म्हणजे जवळ करणं ना? मग अविश्वास कसा पदरी घ्यायचा? 'कबूल करा' म्हणायला हवं होतं का?"

ताई, पाळक बरोबर बोलले. मराठी बायबल वाचणाऱ्यांच्या कानात हा प्रयोग मुरलेला आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) आपली पापं 'पदरी घेण्याची' गोष्ट आहे आणि लगेच पुढे क्षमेचं वचन. तिथे पदरी घेणं म्हणजे 'हे माझंच' म्हणणं, दुसऱ्याच्या माथी न मारणं. मूळ ग्रीक क्रियापद 'होमोलोगेओ', म्हणजे शब्दशः 'तेच बोलणं'. हेच क्रियापद रोमकरांस पत्रात (१०:९) येतं, तेव्हा मराठीत 'मुखाने कबूल करणं' होतं. म्हणजे तुमचा 'कबूल'ही चुकीचा नाही.

तरी मला 'पदर'च जवळचा वाटतो. 'कबुली' म्हटलं की कबुलीजबाब आठवतो, पोलीस ठाणं आठवतं. पदराचं तसं नाही. 'माझी चूक पदरात घ्या' असं आपण मोठ्यांना म्हणतो, तेव्हा त्याच शब्दाने क्षमा मागतो. चूक मानणाराही पदरात घेतो आणि माफ करणाराही. आपल्याकडे कापूस वेचणारी बाई बोंडाबरोबर आलेला काडीकचरा आधी झोळीतच घेते, मग बांधावर बसून निवडून टाकते. झोळीत आलाच नाही तो कचरा निवडणार कसा?

आता 'अविश्वास'. पुष्कळांना तो नास्तिकपणाच वाटतो. पण ग्रामपंचायतीतला अविश्वास ठराव आठवा. सरपंच नाहीच, असं त्यात कोणी म्हणत नाही. आमचा भरवसा उरला नाही, एवढंच म्हणतात. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, 'अविश्वास' बऱ्याचदा याच जातीचा आहे. मार्क ९:२४ मध्ये आजारी मुलाचा बाप ओरडून म्हणतो, 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.' येशू आहे की नाही हा त्याचा प्रश्नच नाही, तो तर समोरच उभा आहे. त्याच्याने होईल का, एवढीच धाकधूक. ग्रीकमध्ये इथे 'घालवा' नाही, 'साहाय्य करा' आहे : माझ्या अविश्वासात मला मदत करा. आणि तिथे 'माझा' हा शब्द फक्त अविश्वासाला लागलेला आहे. विश्वासासाठी नुसतं क्रियापद आहे. मराठीत 'माझा' दोन्हीकडे आला, त्यामुळे हा बारकावा नजरेतून सुटतो. त्या बापाने पदरी घेतला तो अविश्वास, आणि त्याच दमात तो दूर करण्यासाठी हात पसरले.

साक्री तालुक्यातल्या एका प्रार्थनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उठलेली एक म्हातारी आजी मला आठवते. नातू बरा झाल्याचं सांगता सांगता ती मध्येच थांबली, लुगड्याचा पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "मना इस्वास कमी पडना व्हता." कोणी तिला टोकलं नाही. पाळकांनी 'आमेन' म्हटलं, आणि मग ती नातवाचं राहिलेलं सांगू लागली.

तेव्हा ताई, सभेत 'पदरी घ्या' खुशाल म्हणा. फक्त हा शब्द पहिल्यांदाच ऐकणारी तरुण मुलं समोर असली, तर शेजारी 'म्हणजे आपलाच आहे असं मान्य करा' हे चार शब्द जोडा.