पायातला रॉड काढायचा बाकी आहे, तडजोडीवर सही करू का?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला, बागेत मजुरी करतो. टेम्पोच्या धडकेत उजव्या पायाची नडगी मोडली, मिरजेत रॉड टाकला. दावा सांगलीच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात चालू आहे. डॉक्टर म्हणतात, दीड वर्षाने रॉड काढू. विमा कंपनी लोकअदालतीत मिटवू म्हणते. रॉड काढायचा खर्च नंतर मागता येईल का?

उत्तर : नाही. जे मागायचं ते आत्ताच मागा. एकदा निवाडा झाला की पुरवणी निवाड्याची सोय मोटार वाहन कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग (२००३) या निकालात हे स्पष्ट केलं आहे, म्हणूनच पुढच्या उपचाराचा खर्च मूळ निवाड्यातच धरायचा असतो. लोकअदालतीच्या निवाड्यावर तर अपीलही नाही. तडजोडीच्या पुरसिसमध्ये (दोन्ही बाजूंनी सही करून कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात) 'पूर्ण व अंतिम' असे शब्द असतात, ते वाचल्याशिवाय सही करू नका.

आधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडून दाखला घ्या. 'रॉड काढावा लागेल' एवढ्या एका ओळीवर भागत नाही. उलटतपासात कंपनीचे वकील विचारतात, हाड जुळल्यावर रॉड तसाच ठेवला तरी चालतो ना? डॉक्टरांना 'चालतो' म्हणावं लागतं, कारण बऱ्याच रुग्णांत ते खरं असतं. तेव्हा दाखल्यात तुमच्या पायाचं कारण हवं: गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, गुडघा टेकून बसता येत नाही, घोट्याजवळचा स्क्रू कातडीखाली टोचतो, जे खरं असेल ते. सोबत समोरून आणि बाजूने काढलेले ताजे एक्स-रे जोडा. खर्चाचा अंदाज फोडून घ्या: सर्जन, भूल, थिएटर, खाट, औषधं. किती आठवडे काम बंद राहील तेही लिहून घ्या. ती बुडालेली मजुरी वेगळी मागता येते.

दावा पुढे चालला तर डॉक्टरांची साक्ष लागेल, आणि ती पुरावा बंद व्हायच्या आत. अर्जात रक्कम कमी मागितली असली तरी वरच्या नागप्पा निकालानुसार न्यायाधिकरण योग्य वाटल्यास जास्त देऊ शकतं.

दाव्यासाठी म्हणून रॉड लवकर मात्र काढू नका. हाड पुरतं भरलं नसेल तर तिथेच पुन्हा मोडण्याची भीती असते. निकालाआधी रॉड निघालाच, तर मूळ बिलं आणि डिस्चार्ज कार्ड पुरवणी प्रतिज्ञापत्रासोबत द्या. मेडिक्लेमने पैसे दिले तरी ते भरपाईतून वजा होत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये ठरवलं आहे.

तडजोड वाईट नाही. रॉडचा खर्च आणि बुडणारी मजुरी धरून आकडा आला तर जरूर घ्या. त्यासाठी दाखला लोकअदालतीच्या तारखेआधी तुमच्या वकिलांकडे पोचवा.