उजव्या हातातला चुडा

प्रश्न : चार वर्षांपूर्वी मुंबईत माझ्या उजव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही काढल्या. आता मी बरी आहे. तीन आठवड्यांवर मुलीचे लग्न आले आहे आणि ‘दुखणेकरी बाईने हळदीला पुढे होऊ नये’ असे मोठ्या जाऊबाई सगळ्यांना सांगत सुटल्या आहेत. परवा डाव्या हातात दोन-चारचा चुडा भरला, उजव्यात मात्र दोन-सहाचा भरावा लागला, त्यावरूनही त्यांनी टोमणा मारला. त्यांना काय उत्तर देऊ? – एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : हळदीला तुम्हीच पुढे व्हायचे आहे, जाऊबाईंचा विषय माझ्यापुरता इथे संपला. मला झोप लागू दिली नाही ती तुमच्या चुड्याने. दोन-चार आणि दोन-सहा यांच्या घेरात जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक असतो, आणि बाई अंगाने भरली तर तिचे दोन्ही हात भरतात, एकच नव्हे. काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे तुम्ही म्हणता त्या गाठी, काढल्या की हातातला द्रव परत वाहून नेणारी वाट अरुंद होते, द्रव साचतो आणि हात सुजतो. याला लिम्फेडेमा म्हणतात आणि तो शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही उपटतो. सुरुवातीला हात उशीवर उंच ठेवून निजले की सूज उतरते, म्हणून बायका तिकडे काणाडोळा करतात. पुढे कातडीखालचा भाग घट्ट होत गेला की ती पुरती उतरत नाही. शिवाय काखेत पुन्हा काही उद्भवलेले नाही ना, हेही तपासायलाच हवे.

‘लग्नानंतर बघू’ म्हणू नका. याच आठवड्यात फाईल घेऊन शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे जा, दोन्ही हातांची मापे टेपने घ्यायला सांगा आणि लिम्फेडेमाचे उपचार जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या नावे चिठ्ठी घेऊनच परता. दाबाची बाही, म्हणजे सूज आवरायला हातावर चढवतात ती घट्ट बाही, त्यांनी मापे घेतल्यावरच घ्यायची, आणि गावात कोणाकडून तेल लावून हात रगडून घ्यायचा नाही. लग्नघरात नारळ खवायला विळीवर दुसरी कोणी बसू दे. त्या हाताला कापले आणि तो लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

उजव्या हातातला चुडा आजच साबण लावून, न वाढवता उतरवा, कारण काचेचा ओरखडाही या हाताला परवडणारा नाही. आणि मुंबईला सोबत हवी असेल तर जाऊबाईंनाच न्या. तुमच्या दोन हातांतला फरक घरात त्यांनीच तेवढा पाहिला आहे.