स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा नेमका कोणाचा?

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांपासून नोकरीनिमित्त न्यू जर्सीत राहते. तिने न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याजवळचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, ‘आमच्यासारख्यांच्या स्वागताला उभी असलेली बाई’. तिच्या शेजारच्या, तेथेच जन्मलेल्या गृहस्थांना मात्र हे मान्य नाही. त्यांच्या मते तो पुतळा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा आहे आणि बाहेरून येणाऱ्यांशी त्याचा संबंध नाही. खरे कोणाचे मानावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मूळ हेतूपुरते बोलायचे, तर शेजारी बरेचसे बरोबर आहेत, पण त्यांनाही अर्धीच गोष्ट ठाऊक असावी. एदुआर द लाबुले या फ्रेंच विचारवंताने १८६५ च्या सुमारास ही कल्पना मांडली, तेव्हा अमेरिकेतील यादवी नुकतीच संपून गुलामगिरी रद्द होत होती. म्हणूनच देवीच्या हातातील पाटीवर ४ जुलै १७७६ ही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची तारीख असली, तरी तिच्या पायाशी तुटलेली बेडी आहे. ही बेडी खालून सहसा दिसत नाही. फोटोत तर नाहीच येत, त्यामुळे तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

शिल्पकार बार्तोल्दी यांनी पुतळा घडवला तो आपल्याकडचे तांबट हंडा मठारतात त्याच जातीच्या कामाने. अडीच मिलिमीटरहूनही पातळ तांब्याचे पत्रे साच्यावर ठोकून आकार आणला आणि आतला लोखंडी सांगाडा आयफेल यांनी उभारला. फ्रेंच जनतेने वर्गणीतून दिलेला हा पुतळा १८८५ मध्ये सुट्या भागांत पेट्यांत भरून आला. चौथऱ्यासाठी मात्र अमेरिकेत पैसे जमेनात. तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून हाक दिली आणि सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी मिळून एक लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. बहुतेकांची वर्गणी एका डॉलरहूनही कमी होती. पुलित्झर स्वतः हंगेरीतून आलेले स्थलांतरित होते, ही गोष्ट त्या शेजाऱ्यांच्या कानावर जरूर घालावी.

स्वागताचा अर्थ मागाहून आला. कवयित्री एमा लाझारस यांनी चौथऱ्याच्या निधीसाठी १८८३ मध्ये एक सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, लिहिले होते. त्यात ही देवी जगभरच्या थकल्याभागल्या, निराधार माणसांना आपल्याकडे बोलावते. २८ ऑक्टोबर १८८६ च्या अनावरणात त्याची कोणी आठवणही काढली नाही. ते कांस्याच्या फलकावर आत लावले गेले १९०३ मध्ये. मधल्या काळात, १८९२ मध्ये, शेजारच्या एलिस बेटावर स्थलांतरितांचे तपासणी केंद्र सुरू झाले आणि १९५४ पर्यंत तेथून सुमारे सव्वा कोटी माणसे पुढे गेली. आठवडाभर जहाजाच्या तळात काढून डेकवर आलेल्या माणसाला पहिल्यांदा हीच बाई दिसे. हा अर्थ शिल्पकाराने घडवलेला नाही, त्या डेकवरच्या गर्दीने घडवला आहे, आणि माझ्या मते तो मूळ हेतूपेक्षा कमी खरा नाही.

आपल्या मुलीने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे स्वागत सर्वांसाठी नव्हते. चिनी मजुरांना १८८२ च्या कायद्याने प्रवेशबंदी झाली होती, आणि तरीही चौथऱ्याची वर्गणी चिनी रहिवाशांकडेही मागितली गेली. सॉम साँग बो या चिनी स्थलांतरिताने १८८५ मध्ये पत्र लिहून हा आपल्या लोकांचा अपमान असल्याचे स्पष्ट सांगितले. भारतीय माणसांना १९१७ मध्ये दार बंद झाले. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून तेथे गेलेल्या भगतसिंग थिंद यांना ते ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले. पुढच्याच वर्षी पुतळा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला आणि त्याच वर्षी नव्या कायद्याने आशियाई लोकांवरची बंदी अधिकच पक्की केली. भारतीयांना नागरिकत्वाची वाट मिळाली ती १९४६ मध्ये, आणि नव्याने येणाऱ्यांना प्रवेश मिळाला तोही वर्षाला अवघ्या शंभर जणांच्या मर्यादेने. देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडणाऱ्या १९६५ च्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली ती याच पुतळ्याच्या पायथ्याशी. आपल्या मुलीसारख्यांची अमेरिकेतील वाट त्या सहीनंतर रुंद झाली, तेव्हा तिच्या वाक्याला आधार आहे. फक्त तो १८८६ चा नाही.

प्रश्न : आपल्या कोल्हापुरात परक्या माणसांशी जोडलेले असे एखादे स्मारक आहे का?
— एक विद्यार्थिनी, मंगळवार पेठ

उत्तर : आहे, आणि ते महावीर उद्यानात आहे. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियात हद्दपार झालेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुले, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्या वास्तव्याची आठवण म्हणून हा स्तंभ आहे. न्यूयॉर्कचा पुतळा येणाऱ्यांच्या आधी उभा होता आणि त्याचा अर्थ त्यांनी नंतर लावला. येथे माणसे आधी आली, राहिली, निघून गेली, आणि दगड मागाहून उभा राहिला. उद्यानात गेल्यावर थोडे थांबून तो पाहावा. फिरायला येणारे बहुतेक जण त्याच्या शेजारून निघून जातात.