शिकवणं म्हणजे हार मानणं का?

जयसिंगपूरहून एका आईचं पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा: मुलगी बी.एफ.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय शिल्पकला. सुट्टीत घरी आली की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुठ्ठा, गोणपाट, बांबू, सिमेंट असला पसारा मांडते आणि त्यालाच शिल्प म्हणते. महिनाभरात ते मोडायचं, कारण ठेवायला जागा नाही. वडिलांचं म्हणणं, पदवी झाली की आर्ट टीचर डिप्लोमा करून शाळेत लागावं. ती म्हणते, शिकवायला लागणं म्हणजे हरल्याची कबुली. प्रसिद्ध शिल्पकार अनिश कपूरनेही इंजिनिअरिंग सोडलंच होतं, असं तिचं म्हणणं. आई विचारते: याला शिल्प म्हणायचं का, यावर पोट भरतं का, आणि आम्ही हिला किती वर्षं सांभाळायचं?

ताई, नमस्कार.

कोर्स कुठला आणि प्रवेशाचं काय, ते शेवटी सांगतो. आधी एका इंग्रज बाईंबद्दल सांगू द्या, कारण तुमचे पहिले दोन प्रश्न त्यांनाही आयुष्यभर पुरले. नाव फिलिडा बार्लो, शिल्पकार. तुमच्या मुलीने हे नाव ऐकलं असेलच, पण तिने बहुतेक त्यांची कामं पाहिली असतील, आयुष्य नाही.

त्याआधी अनिश कपूर यांचा विषय संपवू. ते मुंबईत १९५४ साली जन्मले, इस्राएलमध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला गेले आणि सहा महिन्यांत ते सोडलं, हे सगळं खरं आहे. १९७३ मध्ये लंडनच्या हॉर्न्सी कला महाविद्यालयात गेले आणि १९९१ मध्ये, म्हणजे सदतिशीत, टर्नर हे ब्रिटनमधलं कलेचं मोठं पारितोषिक मिळालं. या गोष्टीतलं ‘सोडलं’ एवढंच पोरांच्या लक्षात राहतं. १९७९ मध्ये हेच कपूर वुल्व्हरहॅम्प्टनच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होते, हे कोणी सांगत नाही. लेकीला तेवढं जरूर सांगा. पण सदतिशीत असं नशीब उघडणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं, त्याच्या भरवशावर घराचं नियोजन होत नाही. बार्लो बाईंचा रस्ता लांबचा आहे, पण त्यावर पाऊल कुठे पडलं ते दिसतं.

त्यांचा जन्म १९४४ चा, न्यूकॅसलचा. वडील मनोविकारतज्ज्ञ, आणि घराणं थेट चार्ल्स डार्विनचं. युद्धानंतर लंडनच्या ईस्ट एंडमधल्या बॉम्बनी पडलेल्या वस्त्या वडिलांनी त्यांना लहानपणी दाखवल्या होत्या. अर्धी उभी भिंत, टेकू दिलेली घरं, राडारोडा, हे पुढे त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा येत राहिलं. १९६० ते ६३ चेल्सी कला महाविद्यालय आणि १९६३ ते ६६ स्लेड ही लंडनचीच नामांकित कलाशाळा, असं शिक्षण. स्लेडमधल्या एका नामवंत शिल्पकाराने त्यांना सुनावलं होतं की तुझ्याशी फार बोलण्यात अर्थ नाही, तिशीपर्यंत तू पोरं सांभाळत आणि जॅम करत बसलेली असशील. बाईंना पुढे पाच मुलं झाली. जॅमचं माहीत नाही.

पदवीनंतर लगेच त्या शिकवायला लागल्या, बरीच वर्षं अर्धवेळ, निरनिराळ्या कलाशाळांत. शेवटी स्लेडमध्येच प्राध्यापक झाल्या आणि २००९ मध्ये निवृत्त झाल्या. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त मास्तरकी! नवरा फेबियन पीक हाही चित्रकार आणि कवी, तेव्हा घरात दुसरीकडून पगाराचा मोठा ओघ नव्हता. काम करायचं ते पोरं झोपल्यावर, रात्री.

आता तुमच्या शेडमधल्या पसाऱ्याकडे येतो. प्लायवुड, पुठ्ठा, सिमेंट, प्लास्टर, थर्माकोल, कापड, चिकटपट्टी, स्वस्तातला रंग, हेच बार्लो यांचं सामान. ब्राँझ आणि संगमरवराच्या वाटेला त्या बहुतेक गेल्या नाहीत. सुरुवातीला त्यामागे पैशांची अडचण होतीच, पण पुढे पैसा आल्यावरही सामान बदललं नाही. पुतळा म्हटलं की चौथरा, कायमचं टिकणं आणि कुणाचं तरी थोरपण, असं आपल्या डोक्यात असतं. त्यांना नेमकं उलटं हवं होतं: आत्ता पडेल की काय असं वाटणारं, माणसाच्या वाटेत येणारं, वळसा घालून जायला लावणारं मोठं धूड. प्रदर्शन संपलं की ते मोडायचं आणि त्याच लाकडातून, त्याच कापडातून पुढचं उभं करायचं. ठेवायला जागा नाही हे कारण होतं, आणि तीच पुढे कामाची रीत झाली. गॅलरी मिळत नसे तेव्हा मित्रांच्या घरी पियानोवर, इस्त्रीच्या टेबलावर, टीव्हीवर त्यांनी शिल्पं ठेवली. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, याला शिल्प म्हणतात. ते चांगलं शिल्प आहे का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तिचे शिक्षक सांगतील, आणि दहा वर्षांनी तीच सांगेल.

तुमच्या मुलीने थांबून वाचावा असा भाग पुढे आहे. बार्लो यांच्या हाताखालून गेलेल्यांत शिल्पकार रेचल व्हाइटरीड होत्या. त्यांना १९९३ मध्ये टर्नर मिळालं, हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. १९९७ मध्ये व्हेनिस बिएनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या जागतिक कलाप्रदर्शनात त्या ब्रिटनच्या वतीने होत्या. त्याच ब्रिटिश दालनात त्यांच्या बाईंची पाळी आली २०१७ मध्ये, वीस वर्षांनी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. मधल्या काळात बाई अगदीच अंधारात होत्या असं नाही. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या गेट्सहेडच्या बाल्टिक या कलाकेंद्रात मोठं प्रदर्शन झालं होतं. कलावर्तुळात नाव होतं, बाजारात नव्हतं. निवृत्तीनंतर वर्षभरात, २०१० मध्ये, लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीत शिल्पकार नायरी बाग्रामियन यांच्याबरोबर प्रदर्शन झालं आणि त्याच सुमाराला हाउजर अँड वर्थ या जगातल्या मोठ्या गॅलरीने त्यांना घेतलं. २०११ मध्ये रॉयल अकादमीचं सदस्यत्व मिळालं. २०१४ मध्ये लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयाच्या लांबलचक ड्युवीन दालनात ‘डॉक’ नावाचं काम झालं. नक्षीदार खांबांच्या त्या गंभीर वास्तूत लाकडी सांगाडे, लोंबती खोकी, रंगीत चिंध्या असा सगळा गोंधळ त्यांनी घुसवला. २०२१ मध्ये ‘डेम’ हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला आणि मार्च २०२३ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्या गेल्या.

टर्नर मात्र मिळालं नाही. १९९१ पासून ते पन्नाशीच्या आतल्यांनाच मिळत असे आणि ही अट २०१७ मध्ये उठली. बाई प्रकाशात आल्या तेव्हा साठी उलटली होती. आपल्याकडच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज बघा, ‘वयोमर्यादा ३५’ हे सर्रास आढळतं. पोरं वाढवून उशिरा कामाला लागणाऱ्या बायकांना अशी एक ओळ किती महागात पडते, याचा विचार ती छापणारे करत नाहीत. असो.

शिकवणं म्हणजे हार का? चाळीस वर्षं शिकवून जिचं काम थांबलं नाही अशी बाई समोर आहे, म्हणजे शिकवण्याने आपोआप हार होत नाही. पण तुमच्या मुलीची भीतीही खोटी नाही. कलाशिक्षक झाल्यावर स्वतःचं काम सुटलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. माझं मत असं की प्रश्न शिकवण्याचा नसून ते कुठे आणि किती तास, याचा आहे. बार्लो कलाशाळेत शिकवत होत्या. तिथे दिवसभर शिल्पाबद्दलच बोलणं होई आणि आजूबाजूला सगळी काम करणारी माणसं. वर्षानुवर्षं अर्धवेळ असल्याने पगार कमी, पण आठवड्यातले दिवस हाताशी. शाळेतला कलाशिक्षक रोज तासामागून तास घेतो, शिवाय इतर शिक्षकांच्या गैरहजेरीतले तास, स्नेहसंमेलनाचा मंच, फलकलेखन, निवडणुकीचं काम. रात्री शेडमध्ये जायला अंगात काही उरत नाही. त्यात अनुदानित शाळांत कलाशिक्षकाची कायम जागा मिळणं आता सोपं राहिलेलं नाही, हेही तिच्या बाबांना सांगा. डिप्लोमा म्हणजे नोकरी हे समीकरण त्यांच्या पिढीचं आहे.

बार्लो यांच्या गोष्टीतली एक बाजू लपवली तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. त्या शिकत होत्या त्या काळात ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याची फी सरकार भरत असे आणि वर राहण्या-खाण्याला अनुदान मिळे. घराणं शिकलेलं, लंडनमध्ये वावर, कलाशाळांत अर्धवेळ कामं मिळण्याचे दिवस. तुमच्या मुलीला यातलं काही आयतं नाही. आज लंडनच्या मोठ्या कलाशाळेत भारतातून गेलेल्या मुलाला वर्षाची नुसती फी तीस लाखांच्या घरात किंवा त्याच्या पुढे पडते. कर्ज काढून ते करू नका. शिल्पकाराच्या पहिल्या दहा वर्षांच्या कमाईतून असं कर्ज फिटत नाही. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर प्रश्नच नाही.

मग करायचं काय? माझा सल्ला असा की डिप्लोमाऐवजी तिने पदव्युत्तर पदवी करावी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा, शांतिनिकेतन, मुंबईचं सर ज. जी., जिथे शिल्पाला मोठी कार्यशाळा आणि सोबतीला जिद्दी मुलं मिळतील तिथे. फी सरकारी विद्यापीठांत झेपण्यासारखी असते, खर्च राहण्याचा आणि सामानाचा. त्यानंतर व्हिज्युअल आर्ट या विषयातली नेट परीक्षा द्यावी. पदव्युत्तरला ५५ टक्के आणि नेट, एवढ्यावर कला महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापक होण्याचं दार उघडं राहतं. दार उघडलं म्हणजे खुर्ची मिळाली असं नाही. सुरुवातीला तासिका तत्त्वावरचं कामच मिळेल, मानधन तुटपुंजं आणि तेही उशिरा. मोठ्या शहरांतल्या खासगी आंतरराष्ट्रीय शाळाही कलेचे शिक्षक घेतात आणि पगार बरा देतात, तिथे तिची पदव्युत्तर पदवी उपयोगी पडेल.

शिकवण्याशिवाय हाताच्या कौशल्याचं काम आहे, आणि आपल्या भागातली मुलं त्याला उगाच कमी लेखतात. साचे काढणं, फायबरचं कास्टिंग, स्मारकांच्या मोठ्या पुतळ्यांवर मदतनीस, सिनेमा-मालिकांच्या सेटवर मोल्डिंग, पेणच्या गणपतीच्या कारखान्यात हंगामी काम. यात पैसे रोख मिळतात, हात तयार होतो, आणि हंगाम संपला की चार महिने स्वतःचे. स्वभावाने ती बोलकी नसेल, मुलांसमोर उभं राहायला नको वाटत असेल, तर हाच रस्ता तिला जास्त मानवेल. कोणता ते तिलाच ठरवू द्या. दोन्हींत अट एकच घाला: वर्षातून किमान एक नवं काम पूर्ण झालं पाहिजे आणि चार जाणत्या माणसांनी ते पाहिलं पाहिजे. दिल्लीच्या ‘खोज’सारख्या संस्था तरुण कलाकारांना राहून काम करायला बोलावतात. इनलॅक्स प्रतिष्ठान भारतातच राहून काम करणाऱ्या तरुण कलाकारांनाही मदत देतं. अशा ठिकाणी ओळख नाही, काम दाखवावं लागतं.

म्हणून मोडण्याआधी प्रत्येक कामाचे नीट फोटो काढायला सांगा. मोडलेलं काम नंतर फोटोतच पाहता येतं, बार्लो यांच्याही जुन्या कामांचं असंच आहे. एक फोटो समोरून, दोन बाजूंनी, एक शेजारी माणूस उभं करून म्हणजे आकार कळेल. सोबत वहीत तारीख, मापं, सामान आणि खर्च. पदव्युत्तर प्रवेशाला हीच फाइल बघतात आणि ती महिनाभरात जमवता येत नाही. चौथं वर्ष संपेपर्यंत तिच्याकडे दहा-बारा पूर्ण कामं हवीत.

‘किती वर्षं सांभाळायचं?’ हा तुमचा तिसरा प्रश्न आहे. तो तिच्यापासून लपवू नका. तिघं एकत्र बसा आणि आकडा बोला: पदव्युत्तरची दोन वर्षं आणि त्यानंतर एक वर्ष, महिन्याला अमुक इतके, ते आम्ही देऊ. त्यापुढचा जेवणाखोलीचा खर्च तिचा, सामानाला तुम्हाला जमेल ते द्या. एकवीस वर्षांच्या मुलीला हे कठोर वाटणार नाही, उलट आपल्याला किती वेळ आहे हे नक्की कळेल. बाबांनाही मग ‘हे कधी संपणार’ हा प्रश्न रोज विचारावा लागणार नाही. विद्यापीठांच्या प्रवेशाच्या तारखा दरवर्षी पुढेमागे होतात, तेव्हा चौथ्या वर्षाच्या जानेवारीपासून तिने संकेतस्थळं बघायला लागावं, आणि बडोद्याला अर्ज करण्याआधी एकदा तिथे जाऊन मुलांच्या कार्यशाळा बघून यावं. बाबा सोबत गेले तर उत्तम.