कॉमन अ‍ॅपवर 'एशियन'ची खूण केली तर मुलीचं नुकसान होईल का?

मुलगी न्यू जर्सीत अकरावीत आहे, तर कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन अर्जावर, वंशाच्या रकान्यात 'एशियन'वर खूण करावी की जागा कोरी ठेवावी, असं तुम्ही विचारलंय. काहीही करा. आडनाव वाचता येतंच कॉलेजवाल्यांना! शिवाय हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात अमेरिकन सुप्रीम कोर्टानं २९ जून २०२३ ला दिलेल्या निकालानंतर प्रवेशात वंश पाहून झुकतं माप देता येत नाही, आणि त्या ऑगस्टपासून कॉमन अ‍ॅपनं ती माहिती झाकायची सोयही कॉलेजांना दिली.

"तिकडेही आरक्षणच" म्हणणाऱ्यांशी गणपतीच्या मंडपात माझं दरवर्षी वाजतं. ठरावीक जागा राखणं तिथल्या सुप्रीम कोर्टानं १९७८ सालीच बंद केलं. हार्वर्डमध्ये आपल्या मुलांचं घोडं अडायचं ते 'व्यक्तिमत्त्वा'च्या गुणांत: १ सर्वोत्तम, ६ सर्वांत खाली. प्रत्यक्ष मुलाखत घेणारे माजी विद्यार्थी त्यांना गोऱ्या मुलांच्या जवळपास गुण द्यायचे, प्रवेशाच्या ऑफिसात मात्र ती मागे पडायची. आणि वशिल्याचं बोलायचं तर त्याच खटल्यातल्या आकडेवारीनुसार प्रवेश मिळालेल्या गोऱ्यांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची किंवा स्टाफची मुलं, नाहीतर डीनच्या खास यादीतले (देणगीदारांची मुलं वगैरे) होते. त्यावर मंडपात कुणी चकार शब्द काढत नाही.

आता निबंध. ६५० शब्द मिळतात. वंशाचा अनुभव लिहायला कोर्टाची मनाई नाही, पण त्यातून मुलीचा स्वतःचा गुण दिसला पाहिजे. डब्यातल्या भाजीच्या वासाला वर्गातली मुलं हसली, हा निबंध वाचून वाचून प्रवेशाच्या ऑफिसातल्यांना पाठ झालाय. रविवारच्या मराठी शाळेत शिकवत असेल तर 'ळ' न उच्चारता येणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला तिनं तो कसा बोलायला लावला, ते लिहू दे. उपक्रमांच्या यादीत दहाच जागा, वर्णनाला १५० अक्षरं. तिथे 'मंडळाची सभासद' लिहून जागा वाया घालवू नका. किती मुलं, काय शिकवलं, ते सांगा. आठवड्याचे तास वेगळ्या रकान्यात जातात.

हे सगळं ती नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे असं धरून. एच-४ वर (एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर हायस्कूल न्यू जर्सीतलं असूनही बहुतेक खासगी कॉलेजं तिला परदेशी अर्जदारांत धरतात, आणि तिथे आर्थिक मदत मागितली की अनेक ठिकाणी प्रवेशाची शक्यताच घटते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशा मोजक्या ठिकाणी तसं होत नाही. तेव्हा खुणेची काळजी सोडा, आधी व्हिसा बघा.